परक्या घराचा उंबरा

आमच्या चौकटीला वाळवी लागली आहे हे आत्यानं शोधून काढलं, तेही न ठरवता. देवळातून आल्यावर ती पायातल्या चपला काढायला म्हणून चौकटीला टेकली आणि तिचा हात मनगटापर्यंत लाकडात गेला. वरचा रंग शाबूत होता, आत नुसती माती. आत्यानं हात बाहेर काढला, झटकला आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे मायला हाक मारून विचारलं, "दिसत न्हाई का गं तुला? रोज इथून ये-जा करती ना?" जणू वाळवी मायच्या माहेराहून आली होती. आमच्या घरात दूध नासलं, कोंबडी मेली, पाहुण्यांना उशीर झाला, तरी पहिली हाक मायलाच जायची. माय "न्हाई जी, ध्यानात आलं न्हाई" म्हणायची आणि पुन्हा चुलीकडे वळायची. ते वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आजही कुणी तसं म्हटलं तर माझं डोकं फिरतं.

घर हसनाबादचं, रस्त्याकडे तोंड असलेलं. आम्ही माणसं मोजकी: दादा म्हणजे माझे वडील, माय, मी, धाकटा बाळू आणि दादांची थोरली बहीण, त्यांची आक्का नि आमची आत्या. आत्या लग्नानंतर लवकरच कपाळ पुसून माघारी आली होती. आजी गेल्यावर तिनंच दादांना लहानाचं मोठं केलं, त्यामुळे दादांना तिच्यासमोर आवाजच फुटायचा नाही. शेतात बैलांवर, गड्यांवर खेकसणारा हा माणूस घरात शिरताना खाकरायचा आणि आत्या कुठे बसली आहे ते आधी बघायचा. घराचे सगळे कायदे आत्याचे, आणि त्यातले निम्मे उंबऱ्याचे. उंबऱ्यावर बसायचं नाही, उंबऱ्यावर शिंकायचं नाही, उंबऱ्यावरून कुणाला काही द्यायचं नाही. "उंबऱ्यात उभी राहून रस्त्याकडं बघणारी बाई घर बुडवती," हे ती मायकडे न बघता, पण मायला ऐकू जाईल असं म्हणायची. मायचं माहेर जांब समर्थचं, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. वर्षातून एखाद्या वेळी माझा मामा एसटीनं यायचा. गाडीचा भोंगा ऐकला की मायचा भाकरी थापणारा हात थांबायचा. पण उठून दारात जाऊन बघायची सोय नव्हती. मामा अंगणात येऊन ओरडला की तेव्हाच तिला कळायचं.

तर दादांनी पुढची मातीची भिंत पाडून विटांची बांधायची ठरवली आणि नव्या चौकटीची गोष्ट निघाली. आत्याचं म्हणणं, शेतातली बाभळ तोडा, बापजाद्यांपासून आपल्या घराला बाभळच आहे. पण तोडलेलं लाकूड वाळायला दोन पावसाळे तरी जाऊ द्यावे लागतात, आणि भिंत तर अर्धी उभी राहिली होती. गावचा सुतार काशिनाथ म्हणाला, जुन्या जालन्यात पाडलेल्या घरांचं सागवान मिळतं, ते बघा. दादांनी बैलगाडी सुतारासोबत पुढे धाडली आणि मायला, मला, बाळूला घेऊन एसटीनं निघाले. मायला का घेतलं हे मला आजही नीट सांगता येत नाही. बाळूला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं, तो आईशिवाय कुणाजवळ राहत नसे, एवढंच कारण असावं. पण माय त्या दिवशी लग्नातलं लुगडं नेसली होती.

वखार धान्याच्या आडतींच्या मागच्या एका बोळात होती. कुणाचं घर रस्त्यात गेलेलं, कुणाचं भावांच्या वाटणीत पडलेलं, त्यांची दारं, तुळया, खिडक्या तिथे येऊन पडत. चौकटी भिंतीला टेकून एकापुढे एक उभ्या होत्या आणि मी नि बाळू त्यांच्यातून पळत होतो, एका दारातून शिरायचं, दुसऱ्यातून निघायचं, आणि कुठेच घर नाही. तेलाचा, धुळीचा, जुन्या धुराचा वास येत होता. काही चौकटींवर अजून वाळलेली तोरणं होती. वखारीचे मालक रशीदचाचा पान खात लाकडावर बोटाच्या पेरांनी टकटक करून दाखवत होते. "देखो दादा, पुराना सागवान. जेवढं वाकायचं तेवढं वाकून गेलं, जेवढं फाटायचं तेवढं फाटून गेलं. अब ये किधर भी नहीं जाता. दीमक का तो बाप भी नहीं खाता." दादा दोन-तीन चौकटींपाशी रेंगाळले आणि मग एकदम मायकडे वळून म्हणाले, "तुला कोणती बरी वाटती?"

मायनं मागे वळून बघितलं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. तिला वाटलं, मागे दुसरं कुणीतरी उभं असेल, त्याला विचारलं. मग ती दादांच्या तोंडाकडे बघत राहिली आणि तिला हळूहळू कळलं की आपल्यालाच विचारलं आहे. त्यानंतर मात्र तिनं घाई केली नाही. पदर कमरेला खोचून ती एकेका चौकटीपाशी गेली, लाकडावरून तळहात फिरवला, फळ्या उघडून बंद करून बघितल्या. शेवटी कोपऱ्यातल्या एका दारापाशी थांबली. चौकट साधीच, वरच्या पट्टीवर थोडी वेलबुट्टी. पण दाराच्या डाव्या फळीत, खाली बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, हाताच्या पंजाएवढी लाकडी जाळी होती आणि तिला आतून सरकवायची झडप. मायनं झडप सरकवली, जाळीला डोळा लावला, बाळू पलीकडे उभा होता त्याला "कोण हाय?" म्हणून विचारलं. बाळू हसत सुटला. "ही," माय म्हणाली.

अडचण काशिनाथनं काढली. "चौकट एक नंबर हाय, पण उंबऱ्यासगट घ्यावी लागती. खांबांची खालची टोकं, कुसू, उंबऱ्यात बसवल्यात. उंबरा काढला तर सगळी खिळखिळी होती." दादांचा चेहरा उतरला. आमच्याकडे जुनी चौकट आणायला हरकत नसते, पण परक्या घराचा उंबरा आणत नाहीत. उंबऱ्यावर त्या घरची लक्ष्मी बसते, आणि त्या घरात जे बरंवाईट झालं असेल तेही तिथेच बसतं, अशी समजूत. दादा म्हणाले, "आक्का घरात घेणार न्हाई." माय म्हणाली, "लाकूडच हाय की जी. घ्या उंबऱ्यासगट." ती इतकंच म्हणाली. पुढचं सगळं दादांचं. उंबऱ्याच्या मधोमध घोड्याची नाल ठोकलेली होती, ती दादांनी काढायला लावली. खिळ्यांची भोकं सरस आणि भुसा भरून बुजवायला सांगितलं, वरून रंधा मारून तेल लावायला सांगितलं, आणि काशिनाथला बजावलं, "आक्कापुढं बोलायचं न्हाई. नवा केलाय म्हणायचं." मी तिथेच उभी होते, म्हणून इतकं ठासून लिहिते आहे.

हल्ली माझा मुलगा जालन्यात बंगला बांधतो आहे. मागच्या महिन्यात तो मला दारांच्या एका चकचकीत दुकानात घेऊन गेला. तिथे दारं पुस्तकाच्या पानांसारखी उलटून बघायची असतात, आणि कुठल्याही दाराला लाकडाचा वास नाही. मुलगा म्हणाला, "आई, मेन डोअर तू सिलेक्ट कर." काउंटरवरची पोरगीही माझ्याकडे हसून बघत होती. मी गुडघा दुखतो म्हणून बाहेर येऊन गाडीत बसले. तो बिचारा घाबरून पाण्याची बाटली घेऊन धावत आला. त्याला काय सांगणार होते मी?

चौकट बसवायचा दिवस मला सणासारखा आठवतो. सवाष्णी बोलावल्या, चौकटीला हळदीकुंकू लावलं, आंब्याची पानं बांधली, काशिनाथला टॉवेल-टोपी नि नारळ दिला. पुरणाचा वास रस्त्यापर्यंत जात होता. आत्याला हळदीकुंकवाला हात लावता येत नव्हता. ती लांब पाटावर बसून कुणी काय कुठे लावायचं ते सांगत होती, आणि तिचं सगळं बरोबर असायचं. आज मला तिच्या त्या लांब बसण्याचंही वाईट वाटतं, तेव्हा वाटलं नाही. उंबरा जमिनीत बसवायच्या आधी ती म्हणाली, "नवाच हाय ना रं उंबरा?" दादा म्हणाले, "नवाच हाय आक्का." काशिनाथ पहारीनं माती सारखी करत राहिला. माय पुरणपोळ्या लाटत होती, तिनं मान वर केली नाही.

त्यानंतरचे काही महिने माझ्या मायच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे असावेत. शेंगा फोडायच्या असोत, तांदूळ पाखडायचे असोत, ती दाराच्या आतल्या बाजूला बसायची आणि झडप सरकवून ठेवायची. उंबरा ओलांडलेला नाही, उंबऱ्यात उभी नाही, आत्याला बोलायला जागाच नाही. एसटी आली की तिला कळायचं कोण उतरलं. गिरणीकडे कोण चाललंय, कुणाची म्हैस सुटली, कुणाची सून रुसून माघारी आली, हे सगळं ती रात्री जेवताना सांगायची, आणि दादा चक्क ऐकायचे. बाळू शाळेतून आला की बाहेरून जाळीला डोळा लावायचा आणि मोठ्या माणसाच्या आवाजात विचारायचा, "हाय का कुणी घरात?" माय आतून म्हणायची, "न्हाई बा, समदे शेतात गेल्यात." मग तो दार ढकलून आत यायचा आणि तिच्या मांडीवर पडायचा. हा खेळ रोजचा. एक दिवसही त्यांना त्याचा कंटाळा आला नाही.

बाळू ज्वारी हुरड्याला आलेली असताना गेला. ताप आला, उतरला, परत आला, तो डोक्यात चढला. जालन्याला दवाखान्यात नेलं तेव्हा तो माणसं ओळखत नव्हता. मेंदूज्वर, असं डॉक्टर म्हणाले, आणि औषधं दिली, आणि तरी गेला. मी त्याबद्दल याहून जास्त लिहू शकत नाही. शेजारणींनी कडू घास म्हणून पिठलं-भाकरी आणली. मायच्या तोंडाशी कुणी घास नेला की ती तोंड उघडायची, घास आत घ्यायची आणि गिळायची विसरायची. शाळा सुटायच्या वेळी मात्र ती उठून दाराशी जायची आणि झडप सरकवायची. शाळेतून येणारी पोरं आमच्या घरासमोरून पळत जायला लागली होती.

दहावा झाला त्याच्या दुसऱ्या सकाळी आत्या नेहमीसारखी उंबरा धुवायला बसली. रोज पाणी पडून सरसाचा भुसा भिजला होता. तिनं जरा जोरात घासलं असेल, किंवा त्या दिवशी तिचे डोळे कारण शोधत असतील, भुसा निघाला आणि उंबऱ्याच्या मधोमध नालेच्या आकारात खिळ्यांची भोकं उघडी पडली. आत्या ओरडली नाही. तिनं दादांना हाक मारली, मायला मारली नाही, आणि ते पाहूनच मला धडकी भरली. ती पाण्यात बोट बुडवून एकेका भोकावरून फिरवत होती. म्हणाली, "कुणाच्या घरचा उंबरा हाय ह्यो?" तिनं दादांकडे बघितलं. "मी इचारून राह्यले ना तुला? कुणाचं मेलेलं आणून घातलं माझ्या लेकराच्या वाटंत?" सुतकाला आलेल्या बायका स्वयंपाकघरातून पुढे आल्या. काका, चुलतभाऊ अंगणात उभे होते. सगळ्यांसमोर दादांनी एकदा उंबऱ्याकडे, एकदा माझ्या मायकडे बघितलं आणि म्हणाले, "तिलाच आवडली ती चौकट. तीच म्हणली, उंबऱ्यासगट घ्या म्हणून."

शब्द न् शब्द खरा होता, हीच त्यातली हलकट गोष्ट. मायला चौकट आवडली होती. ती म्हणाली होती. पण तिला विचारलं कुणी, नाल उपटली कुणी, भोकं बुजवली कुणी, आत्यासमोर खोटं कोण बोललं, हे त्या वाक्यात कुठेच नव्हतं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात चुलत काकूनं मला दंडाला धरून मागच्या दारी नेलं. लेकरू पोटचं, आणि त्याला खाल्लं आईच्या हौसेनं, अशी कुजबूज त्या दुपारपर्यंत गावभर झाली. माय काही म्हणजे काही बोलली नाही. "न्हाई जी, ध्यानात आलं न्हाई," हेसुद्धा नाही. आत्याचा मला राग नाही. तिचं जग तसंच होतं आणि ती त्यात प्रामाणिक होती, बाळूसाठी ती छाती फुटेस्तोवर रडली. दादांचा राग आहे. ते जाऊन आता कैक वर्षं झाली, ते मायाळू होते, माझ्या शिक्षणासाठी भावकीशी भांडले, हे सगळं मान्य करून सांगते, राग आहे.

त्याच दिवशी पहार लावून चौकट उपसली. नवी भिंत दोन्ही बाजूंनी ढासळली. उंबरा नदीत सोडला. चौकट मात्र काकांनी गाडीत घालून जालन्याला नेली आणि रशीदचाचांना परत विकून आले, कारण सागवान नदीत सोडायला कुणाचाच जीव धजावला नाही. ती कुणीतरी घेतली असेलच. कुठल्यातरी घरात ती आज उभी असेल आणि तिथली माणसं जाळीतून रस्ता बघत सुखानं नांदत असतील, असं मला वाटतं, आणि मग हसू येतं, पण ते हसू चांगलं नसतं.

बरेच दिवस आमच्या घराला पुढचं दारच नव्हतं. भगदाडावर तरटाची पोती शिवून टांगली होती. वाऱ्यानं पोतं उडालं की सगळा रस्ता घरातून दिसायचा, एसटी, गिरणी, शाळेची पोरं, सगळं. आता बघायला कुणाची आडकाठी नव्हती. माय त्या भगदाडाकडे पाठ करून बसायची. रात्री आत कुत्री येऊ नयेत म्हणून दादा तिथेच बाज टाकून झोपत. दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलत, "मीठ द्या", "बैल आले का", असं. मी मधल्या खोलीत पडून ऐकत असे आणि कुणीतरी आणखी काहीतरी बोलावं म्हणून वाट बघत झोपून जात असे.

शेवटी आत्याच म्हणाली, लोखंडाचं दार करा, लोखंडाला काही बाधत नाही. भोकरदनला एक वेल्डिंगवाला नवीनच आला होता. माप देऊन झालं, दार तयार झाल्याचा निरोप आला, तेव्हा दादा मायला म्हणाले, "चल तू बी." का म्हणाले असतील? मला वाटतं, त्यांना काहीतरी जुळवायचं होतं आणि त्यांना एकच रीत माहीत होती. मीही सोबत गेले. दुकानासमोर दार उभं केलेलं होतं, पत्र्याचं, लोखंडी अँगलच्या चौकटीचं, उंबरा नाही, जाळी नाही, अंगावर रंगाआधीच्या तांबूस अस्तराचा एक हात मारलेला. वेल्डिंगवाल्यानं विचारलं, "रंग कोणता मारू? हिरवा हाय, चाकलेटी हाय, निळा हाय." दादा मायकडे वळले आणि वखारीतल्या त्याच मऊ आवाजात म्हणाले, "तू सांग. तुला कोणता बरा वाटतो?"

ह्या वेळी मायनं मागे वळून बघितलं नाही. ती दादांकडे सरळ बघत होती, इतकं सरळ मी तिला त्यांच्याकडे बघताना आधी कधी पाहिलं नव्हतं. आवाज न चढवता म्हणाली, "ह्या बारीला तुमी निवडा. मंग घरातलं कोनी गेलं तर तुमच्या नावावर जाऊ द्या."

वेल्डिंगवाला खाली बसून उगाच हत्यारं गोळा करायला लागला. दादा हिरव्या रंगाच्या डब्यापाशी गेले, चाकलेटीपाशी गेले, परत आले. मग म्हणाले, "राहू द्या. रंग मंग लावू." गाडीत दार घालताना मी मदतीला गेले तर मला "सर बाजूला" म्हणून ओरडले.

तो रंग लागला नाही. दरवर्षी दिवाळीच्या आधी कुणीतरी म्हणायचं, दार रंगवून घ्या, गंजून चाललंय, आणि दादा उठून शेताकडे निघून जायचे. आत्या गेली, माझं लग्न झालं, दार तसंच. उन्हाळ्यात हात पोळायचा, थंडीत बिजागऱ्या करकरायच्या, वाऱ्यानं ते धाडकन आपटायचं. दादा गेले तेव्हा मी पहाटेच्या गाडीनं पोहोचले. तिरडी बाहेर काढताना ते दार सारखं मिटायला बघत होतं, म्हणून मायनं पुढे होऊन ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं. माणसं रस्त्याला लागेपर्यंत ती तशीच उभी होती. मग तिनं ते आतून लावून घेतलं.